लॉस्टमॅजिकमध्ये मंत्र उमटत नाही, मॉन्स्टर भलतीकडे पळतात: डीएस उघडायच्या आधी काय काय तपासायचं

लॉस्टमॅजिक हा निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या मशीनवरचा खेळ. त्यात स्क्रीनवर स्टायलसने, म्हणजे पेनासारख्या प्लास्टिकच्या काडीने, रून काढायची. रून म्हणजे मंत्राची खूण. आधी लक्षणं वाचा आणि आपलं कुठलं ते ठरवा. पुढचा सगळा वेळ त्यावरून वाचतो.

- रून बरोबर काढली तरी मंत्र सुटत नाही. बाकी मेनू, मॉन्स्टर निवडणं, सगळं ठीक चालतं.
- एका मॉन्स्टरवर स्टायलस टेकवला की शेजारचा निवडला जातो. दर वेळी तेवढाच फरक आणि त्याच बाजूला.
- रेघ मधेच तुटते. स्टायलस उचललेला नसतो, तरी दोन तुकडे पडतात.
- रेघ एका कडेजवळ गेली की वाकते, नाहीतर कडेलाच चिकटून बसते.
- कुणी हात लावलेला नसताना मॉन्स्टर एका कोपऱ्याकडे चालायला लागतात.
- स्पर्श अजिबात कळत नाही. बटणं मात्र चालतात.

लॉस्टमॅजिक २००६ चा खेळ. जपानात तो तैतोने काढला, बाहेरच्या देशांत यूबीसॉफ्टने. आयझॅक नावाचा पोरगा जादूची कांडी घेऊन निघतो. खालच्या स्क्रीनवर स्टायलसने रून काढली की मंत्र सुटतो. पकडलेल्या मॉन्स्टरांभोवती रिंगण काढून त्यांना निवडायचं आणि जिथे पाठवायचं तिथे टेकवायचं. हे सगळं लढाई चालू असताना. तुम्ही आकृती काढत बसलात म्हणून समोरचा थांबत नाही.

म्हणूनच स्क्रीनचा बारीकसा दोषही या खेळात लगेच उघडा पडतो. डीएस लाइटची खालची स्क्रीन तीन इंची, आडवे २५६ ठिपके आणि उभे १९२. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारेक ठिपके. पत्त्यांच्या खेळात दोन मिलिमीटरचा फरक खपून जातो. इथे त्या दोन मिलिमीटरमध्ये मंत्र फुकट जातो आणि आयझॅक मार खातो.

माझ्याकडे हा बिघाड पहिल्यांदा भाच्यामुळे आला. नंतर त्याचे मित्र, मग सोसायटीतली पोरं, मग ऑफिसातले दोघे, ज्यांनी कॉलेजात असताना घेतलेले डीएस माळ्यावरून खाली काढले होते. एव्हाना पंधराएक मशीन हाताखालून गेली असतील. त्यातल्या बहुतेकांना स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण स्क्रीन चालेना म्हटलं की लोक थेट नवीन पॅनेल शोधायला लागतात आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीत, दुरुस्तीवाल्यांकडे, जाऊन मशीन उघडून घेतात. जे मशीन उघडायची गरजच नव्हती ते एकदा उघडलं की त्यात नवे बिघाड शिरतात.

स्क्रीन स्पर्श ओळखते कशी, एवढं एक आधी समजून घ्या. पुढची प्रत्येक तपासणी त्याच्यावर उभी आहे.

मोबाइलची स्क्रीन बोटातली वीज ओळखते. डीएसची स्क्रीन दाब ओळखते. वर एक मऊ पातळ फिल्म, खाली काच. दोघांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो आणि मधे डोळ्याला जवळजवळ न दिसणारे बारीक ठिपके, जे या दोन थरांना एकमेकांपासून लांब ठेवतात. स्टायलसने दाबलं की फिल्म खाली वाकते, थर थराला टेकतो, आणि त्या जागी किती व्होल्ट मिळाले यावरून मशीन आडवी आणि उभी जागा काढतं. एका वेळी एकच जागा. दोन ठिकाणी दाब पडला तर मशीनला दोन बिंदू दिसत नाहीत, दोहोंच्या मधलाच कुठलातरी एक बिंदू दिसतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, चौथ्या तपासणीत त्याचं काम आहे.

पहिली तपासणी: हात

फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते, पण लोक हीच सोडून देतात.

भाच्याचं गाऱ्हाणं असं होतं: "मामा, मी काढतो तशीच काढतोय, पण येतच नाही." त्याला म्हटलं, माझ्यासमोर काढ. त्याने काढली, आणि कारण लगेच दिसलं. मोबाइलवर बोट फिरवायची सवय असलेली पोरं स्टायलस नुसता घासत नेतात. सुरुवातीला दाब बरा असतो, वळणावर हलका होतो, आणि रेघ संपता संपता स्टायलस जवळजवळ हवेत असतो. फिल्म खाली टेकलीच नाही तर मशीनच्या लेखी तिथे रेघ नाही.

दाब किती हवा? बॉलपेनने वहीत लिहिताना असतो तेवढा. त्याहून जास्त नको, फिल्मवर चरे पडतात. मांडीवर नाही, टेबलावर मशीन ठेवा. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवायचो तसं रून गिरवा: सुरुवात ठाम, वळणावर सावकाश, शेवट पूर्ण करून मगच हात उचलायचा. खेळात रून ज्या क्रमाने दाखवली आहे त्याच क्रमाने काढा आणि दिलेली जागा भरेल एवढी मोठी काढा. घाईत पोरं कोपऱ्यात चिमुकली रून काढतात. तेवढ्याशा आकारात हाताचा थोडासा थरथराटही खुणेचा चेहरा बदलून टाकतो.

हे सगळं शांतपणे दहा वेळा करा. आठ-नऊ वेळा मंत्र सुटला तर मशीन ठणठणीत आहे. दोन रून जोडून मंत्र करायची वेळ आली की चुका पुन्हा वाढतील, पण त्या सरावाने जातात.

एक अपवाद. हाच खेळ तुम्ही थ्रीडीएसवर, म्हणजे डीएसनंतरच्या मशीनवर, खेळत असाल आणि सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरत असाल, तर चित्र मूळ मापात येतं, म्हणजे लहान. रून काढायची जागाही तेवढीच आक्रसते. तसं न करता सुरू करा, चित्र मोठं येईल आणि हाताला मोकळीक मिळेल.

दुसरी तपासणी: पिक्टोचॅटमध्ये ळ काढा

दोष खेळात आहे की स्क्रीनमध्ये, हे यातून कळतं. खेळाची कार्ड बाजूला काढून ठेवा. पिक्टोचॅट म्हणजे स्टायलसने लिहून-काढून निरोप पाठवायची सोय. डीएस, डीएस लाइट आणि डीएसआय या तिन्हींत ती मशीनमध्येच असते. मेनूतून ते उघडा, ए ते डी मधली कुठलीही खोली निवडा. दुसरं कुणी जोडलेलं असायची गरज नाही. बारीक पेन घ्या.

आता डावीकडून उजवीकडे चार-पाच आडव्या रेघा, सावकाश. मग वरून खाली उभ्या. मग दोन तिरप्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि शेवटी ळ, जागा भरेल एवढा मोठा. ळ का, तर त्यात डावं गोल वळण आहे, उजवं गोल वळण आहे, आणि मधे हात न उचलता दिशा बदलावी लागते. रून काढताना हात जे जे करतो ते सगळं या एका अक्षरात येतं. भाच्याच्या मित्राच्या मशीनवर ळ चा डावा गोल टपोरा यायचा आणि उजवा गोल चपटा व्हायचा, जणू कुणी त्या बाजूने भिंत घातली आहे. रेघा काढून जे नीट कळलं नव्हतं ते त्या एका ळ ने दाखवलं.

काय दिसलं ते असं वाचा. रेघा सरळ आहेत पण स्टायलसच्या टोकापासून सारख्याच अंतरावर उमटतात: माप सरकलंय, काम कॅलिब्रेशनचं. एका कडेजवळ वाकतात: कडेत काहीतरी अडकलंय. एकाच ठरावीक जागी तुटतात: स्क्रीनवर लावलेला गार्ड, नाहीतर त्या जागी फिल्म झिजलेली. जागा बदलत बदलत कुठेही तुटतात: हात, स्टायलस, किंवा आतली रिबन, म्हणजे टच पॅनेलला बोर्डशी जोडणारी पट्टी. सगळं सुबक आलं तर पहिल्या तपासणीकडे परत जा. स्क्रीनला दोष देऊ नका.

थ्रीडीएसवर पिक्टोचॅट नाही. तिथे होम मेनूतल्या गेम नोट्सवर हेच करा.

तिसरी तपासणी: गार्ड आणि स्टायलस

आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात कुठल्याही स्क्रीनवर टफन ग्लास लावून देतात. मापाची काच कापून डीएसवर बसवलेली मी तीनदा पाहिली आहे. लावणाऱ्याने चांगल्या हेतूनेच लावली, पण दाबावर चालणाऱ्या स्क्रीनवर कडक काच म्हणजे दाब वाटेतच अडवला. काच वाकत नाही, खालची फिल्म टेकत नाही, आणि खेळणारा आणखी जोर लावतो. काढून टाका. गार्ड हवाच असेल तर पातळ, मऊ प्लास्टिकचा घ्या, आणि तो कडेच्या खाली न जाता एखादा मिलिमीटर आत संपेल असा कापा. कडेखाली सरकलेला गार्ड स्वतःच कायमचा दाब देत राहतो.

मऊ गार्डमध्येही बुडबुडा असेल तर त्या जागी रेघ तुटते. सोळा-सतरा वर्षांपूर्वी लावलेला गार्ड पिवळा पडून लाटा आलेला असतो. तो कोपऱ्यातून सावकाश उचला आणि गार्डशिवाय पुन्हा ळ काढून बघा.

स्टायलसचं टोक नखावर फिरवा. खरखरीत लागलं तर बदला. मोबाइलसाठी मिळणारा जाड रबरी टोकाचा स्टायलस इथे उपयोगाचा नाही, त्याचा दाब पसरतो. बॉलपेनचं टोपण, टूथपिक, पेन्सिलचं मागचं टोक, यांतलं काहीही वापरू नका. प्लास्टिकचं गुळगुळीत, गोलसर टोकच हवं.

चौथी तपासणी: कागदाची कड

माझ्याकडे आलेली निम्म्याहून जास्त मशीन इथेच बरी झाली, म्हणून इथे घाई करू नका.

स्क्रीन आणि तिच्याभोवतीची प्लास्टिकची चौकट यांच्यात केसाएवढी फट असते. वर्षानुवर्षं त्या फटीत धूळ जाते, त्यात हाताचा घाम मिसळतो, आणि त्याचं किटण होतं. कधी एखादा टणक कण नेमका चौकटीच्या खाली जाऊन फिल्मवर बसतो आणि तिला सतत दाबून धरतो. मशीनच्या दृष्टीने तिथे कुणीतरी बोट ठेवून बसलंय. तुम्ही मधे रून काढायला घेतली की मशीनला दोन दाब मिळतात: एक तुमचा, एक त्या कणाचा. मघाशी म्हटलं तसं, ते दोहोंच्या मधली जागा धरतं. म्हणून रेघ त्या कडेकडे ओढली जाते. तुम्ही स्टायलस उचललात तरी कणाचा दाब तसाच राहतो, म्हणून मॉन्स्टर आपोआप त्या कोपऱ्याकडे चालायला लागतात. लक्षणं दोन वाटतात, पण मूळ एकच आहे.

काय करायचं ते सांगतो. मशीन बंद करा. दिनदर्शिकेच्या पानाचा गुळगुळीत कागद घ्या, त्याची दोन बोटं रुंद पट्टी कापा. वहीचा कागद नको, त्याचे धागे सुटतात आणि आत राहतात. लग्नपत्रिकेचा कागद फार जाड, तो फट उचकटतो. मशीन उघडून असं धरा की खालची स्क्रीन जमिनीकडे तोंड करून राहील. यामुळे सुटलेला कण आत न जाता खाली पडतो. आता पट्टीची सरळ कड एका कोपऱ्यातून फटीत सरकवा, जेमतेम एक मिलिमीटर, आणि हळूहळू पुढच्या कोपऱ्यापर्यंत न्या. अडलं तर जोर लावू नका, मागे घ्या, पट्टीची नवी कड घ्या, पुन्हा त्याच जागी या. चारही बाजू करा, आणि ज्या बाजूला रेघ वाकत होती तिथे तीन-चार फेऱ्या.

पट्टी उजेडात धरून बघा. भाच्याच्या त्याच मित्राच्या मशीनमधून पहिल्या फेरीत करडी रेषा आली, नुसतं किटण. दुसऱ्या फेरीत काहीच नाही. तिसऱ्या फेरीत खालच्या उजव्या कोपऱ्यात पट्टी किंचित अडली, सुटली, आणि टेबलावर टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज झाला. शेवेचा तुकडा होता, तिळाच्या निम्म्यानेही नसेल, वाळून खडा झालेला. दिवाळीत चिवडा खाता खाता खेळला असणार. मशीन चालू केलं, पिक्टोचॅटमध्ये ळ काढला, दोन्ही गोल सारखे टपोरे. तीन महिने पोरगा म्हणत होता की मशीन गेलं.

इथे काही गोष्टी अजिबात करू नका. सुई, टाचणी, ब्लेड फटीत घालू नका. फिल्मला चरा पडला की तो कायमचा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. फटीत स्पिरिट किंवा कुठलंही द्रव सोडू नका. ते फिल्म आणि काचेच्या मधे झिरपलं तर डाग राहतो आणि त्या भागात स्पर्श मरतो. स्क्रीनचा वरचा भाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण मऊ फडक्याला एखादा थेंब लावून, आणि कडेपासून लांब.

पाचवी तपासणी: कॅलिब्रेशन

ही चौथ्या नंतरच करायची, आधी नाही. बरेच जण सगळ्यात आधी कॅलिब्रेशन करतात आणि तिथेच फसतात. कॅलिब्रेशनमध्ये मशीन तुम्हाला खुणेवर टेकवायला सांगतं आणि तिथे मिळालेलं व्होल्टचं माप साठवून ठेवतं. कडेत कण अडकलेला असताना हे केलं तर त्या कणाच्या दाबासकट चुकीचं माप साठवलं जातं. मग नंतर कण निघाला तरी स्क्रीन वाकडीच वागते, आणि माणसाला वाटतं की साफ करून काही फरक पडला नाही.

डीएस लाइटमध्ये मेनूच्या तळाशी मधे सेटिंग्जचं चिन्ह आहे. स्पर्श बिघडलेला असेल तरी हरकत नाही, दिशेच्या बटणांनी तिथे जाता येतं आणि ए दाबून उघडता येतं. आत टच स्क्रीनचा पर्याय घ्या. चौकोनी खूण दिसेल, तिच्या बरोबर मध्यावर टेकवा. मशीन टेबलावर सपाट, डोळे स्क्रीनच्या सरळ वर, स्टायलस उभा. तिरपं बघितलं तर काचेच्या जाडीमुळे खूण थोडी सरकलेली दिसते आणि तेवढीच चूक साठते. थ्रीडीएसमध्ये हाच पर्याय सिस्टिम सेटिंग्जमध्ये, इतर सेटिंग्जच्या खाली आहे.

हे माप मशीनमध्ये साठतं, खेळाच्या कार्डमध्ये नाही. त्यामुळे कार्ड बदलून, दुसरी कार्ड आणून, किंवा खेळ पहिल्यापासून सुरू करून सरकलेला स्पर्श जागेवर येत नाही. एका मुलाने याच आशेने चाळीसेक तासांचा साठवलेला खेळ पुसून टाकला होता. मला फार वाईट वाटलं. तुम्ही तसं करू नका.

कॅलिब्रेशननंतर दोन-चार दिवसांत माप पुन्हा सरकलं, तर चौथी तपासणी पुन्हा करा. मग पुन्हा कॅलिब्रेशन. तरीही सरकतंच राहिलं तर पॅनेल थकलंय, पुढे वाचा.

सहावी तपासणी: ओल

जून ते सप्टेंबर पुण्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. डीएस तेवढाच सोसतो. पावसात दप्तरातून नेलेलं मशीन, खिडकीजवळच्या फळीवर चार महिने ठेवलेलं मशीन, यांत स्पर्श कधी येतो कधी जातो. सकाळी चालतं, संध्याकाळी नाही. असा लहरी दोष असेल तर ओलीचा संशय घ्या.

मशीन बंद करा, मागचं बॅटरीचं झाकण काढून बॅटरी बाहेर घ्या. झाकणाला एकच स्क्रू असतो, त्यात मशीन उघडल्यासारखं काही नाही. बॅटरीच्या जागी हिरवट किंवा पांढरी पूड दिसते का बघा. नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर मशीन तीन-चार दिवस ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ फटीत जातं. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. उष्णतेने फिल्म फुगते. बॅटरी काढल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागेल, पण कॅलिब्रेशन तसंच राहतं. साठवलेला खेळ कार्डमध्ये असतो, त्यालाही धक्का नाही.

सातवी तपासणी: मशीनचं कवच

जुन्या बाजारातून किंवा कुणा ओळखीच्याकडून घेतलेलं मशीन असेल तर हे नक्की बघा. बाहेरून अगदी नवं दिसतं, रंग भडक, एकही ओरखडा नाही: म्हणजे कवच बदललेलं असायची शक्यता आहे. नकली कवचाची चौकट मापात किंचित इकडेतिकडे असते आणि चारही बाजूंनी स्क्रीनला दाबते. कागदाची पट्टी कुठल्याच बाजूने आत जात नसेल तर हाच प्रकार. तसंच आधी कुणी मशीन उघडून स्क्रू फार आवळले असतील तरीही.

मागचे स्क्रू पाव फेरा सैल करून स्पर्श सुधारतो का, एवढं बघायला हरकत नाही. पण डीएस लाइटच्या काही स्क्रूंना साधा प्लस चालत नाही, तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग लागतो. तो नसेल तर चाकूचं टोक घालून बघायचा मोह आवरा. स्क्रूचं डोकं गेलं की नंतर कारागिरालाही ते काढता येत नाही. सैल केल्याने सुधारलं तर रोग कळला. उपाय म्हणजे चौकट आतून घासणं किंवा चांगलं कवच बसवणं, आणि ते काम कारागिराचं.

इथे थांबा

मी स्वतः मशीन उघडतो. तरीही तुम्हाला उघडू नका म्हणतो, आणि त्याची कारणं आहेत. डीएस लाइटच्या बोर्डवर एफ१ आणि एफ२ असे दोन फ्यूज आहेत, मोहरीपेक्षा लहान. बॅटरी जोडलेली असताना आत स्क्रू ड्रायव्हर घसरला तर फ्यूज उडतो, आणि मग स्पर्शाचं सोडा, मशीनच चालू होत नाही. टच पॅनेलची रिबन ज्या खाचेत बसते तिला नखाएवढी पट्टी आहे. ती उचलायच्या दिशेऐवजी ओढली तर तुटते. वरच्या एल आणि आर बटणांच्या स्प्रिंग कवच उघडताच उडतात आणि टाइल्सवर सापडत नाहीत. पहिल्या मशीनची एक स्प्रिंग मी फरशीवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून तासभर शोधली होती.

तर कारागिराकडे केव्हा?

बॅटरीचं झाकण वर आलं असेल, मशीन टेबलावर डुगडुगत असेल, तर स्पर्शाचं सगळं विसरा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती आपसूक निघत नसेल तर स्वतः ओढू नका, मशीन तसंच घेऊन जा. ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

स्क्रीनवर तडा असेल, किंवा फिल्मच्या आत तेलासारखे रंगीत डाग पसरलेले दिसत असतील, तर पॅनेल गेलं. सातही तपासण्या करून स्पर्श अजिबातच नसेल, तर रिबन सुटलेली असेल किंवा पॅनेल. बॅटरीच्या जागी पूड किंवा गंज असेल तर बोर्ड साफ करावा लागेल. आणि कॅलिब्रेशन आठवड्याला सरकत असेल तरीही.

तपकीर गल्लीत आणि आजूबाजूला बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. डीएस रोज येत नसला तरी ज्याचा हात रिबनवर बसलेला आहे त्याला हे काम जमतं. आत देण्याआधी विचारा: ट्राय-विंग आहे का, आणि उघडायच्या आधी बॅटरी काढणार का. दोन्हीला लगेच हो आलं पाहिजे. पुढे स्पष्ट सांगा की फक्त टच पॅनेल बघायचं आहे. डीएस लाइटमध्ये चित्र दाखवणारी स्क्रीन आणि तिच्यावरचं टच पॅनेल वेगळं असतं, चिकटपट्टीने जोडलेलं. चित्र ठीक असेल तर अख्खी स्क्रीन बदलायचं कारण नाही. आधी रिबन काढून पुन्हा नीट बसवून बघायला सांगा, त्यात पैसे फारसे लागत नाहीत. तेवढ्याने चाललं तर पॅनेलचा प्रश्नच उरला नाही.

आणि चौकट आतून साफ करायला सांगायला विसरू नका. ओळखीच्या एकाने पॅनेल बदलून आणलं, आठ दिवसांत रेघ पुन्हा त्याच कडेला वाकायला लागली. नव्या पॅनेलवर जुनंच किटण भरलेली चौकट बसवली होती. शेवटी कागदाच्या पट्टीनेच सुटलं, म्हणजे जुनं पॅनेलही बहुधा चांगलंच होतं.

खेळाची कार्ड घरी ठेवून जा. ती दुकानात लागत नाही, आणि सगळी मेहनत तिच्यातच आहे. मशीन परत मिळालं की काउंटरवरच कॅलिब्रेशन करा. नव्या पॅनेलला जुनं माप चालत नाही. मग पिक्टोचॅट उघडा, चारही कडांना लागून रेघा ओढा, मधे एक मोठा ळ काढा. एल आणि आर दाबून बघा, दोन्ही टक् वाजून परत वर आले पाहिजेत. जुनं पॅनेल मागून घ्या. मगच पैसे द्या.